राखलेला कागद

"आजोबा, इथे रंगवायचं राहिलं का?"

गेल्या नोव्हेंबरमध्ये जहांगीर कलादालनात एका निसर्गचित्रासमोर मी उभी असताना माझ्या कोपराच्या उंचीवरून हा प्रश्न आला. विचारणारी मुलगी सात-आठ वर्षांची असावी. तिचे बोट चित्राच्या काचेपासून वीतभर अंतरावर येऊन थांबले होते, कारण कशाला हात लावायचा नाही हे तिला दारातच बजावलेले असणार. चित्र जलरंगातले, अर्ध्या शीटचे होते. पुढे कापणी उरकलेली भातखाचरे, त्यांच्या पलीकडे काळसर हिरव्या झाडांचा एक दाट पुंजका, त्यामागे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला डोंगर आणि खाचरांमधून त्या झाडीकडे वळत जाणारी एक पायवाट. मुलीचे बोट त्या पायवाटेवर होते. आजोबांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि "अगं, तो रस्ता आहे," असे काहीसे पुटपुटले, पण ती हटेना. "रस्ता नाही, नुसता कागद आहे," ती म्हणाली. कोपऱ्यातल्या टेबलामागे अभिप्रायाची वही उघडी ठेवून बसलेले चित्रकार उठून आले, गुडघ्यांवर हात टेकून तिच्याइतके वाकले आणि म्हणाले, "राहिलं नाही, बाळा. राखलंय." मुलीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा चित्राकडे पाहिले आणि उत्तर पटल्याची कोणतीही खूण चेहऱ्यावर न दाखवता ती पुढच्या चित्राकडे गेली.

मी मात्र तिथेच राहिले.

त्या चित्रासमोर मी त्याआधी दहा मिनिटे तरी उभी होते. पायवाटेवरचे दुपारचे ऊन मला दिसले होते. अनवाणी चालले तर तळव्यांना कितपत चटका बसेल याचाही अंदाज मी मनातल्या मनात बांधला होता. जिच्याकडे मी एवढी टक लावून पाहत होते त्या वाटेवर रंगाचा एक थेंबही नाही, हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. गेली तीस वर्षे मी काळ्या घोड्याच्या त्या इमारतीत जात आले आहे. १९५२ साली उघडलेल्या त्या दालनाच्या दारावरच्या लाटेसारख्या छपराखाली उभे राहून कितीदा पाऊस ओसरण्याची वाट पाहिली आहे. तिथले 'समोवार' हे उपाहारगृह २०१५ साली बंद होईपर्यंत त्याच्या लांबट, अरुंद जागेत बसून चहाबरोबर इतरांच्या चित्रांविषयी मते ठोकली आहेत. आणि एका लहान मुलीला पहिल्या नजरेत जे दिसले ते मला तिने बोट दाखवल्यावर दिसले. सीएसएमटीहून गाडी सुटल्यावर मी स्वतःची समजूत घालू लागले, की कागदाच्या जागी ऊन दिसणे हीच तर चित्राची किमया आहे आणि नुसता कागद दिसणे हे अजाणतेपण. ही समजूत भायखळ्यापर्यंत टिकली. पुढे वाटू लागले, की दोन्ही दिसायला हवे होते. घरी पोहोचेपर्यंत डोक्यात एवढेच घोळत राहिले: राहिलं आणि राखलं. एका अक्षराच्या फरकाने त्या गृहस्थांनी प्रश्न परतवला होता, आणि तो परतून माझ्या अंगावर आला होता.

कोऱ्या कागदाची मला लहानपणापासून धास्ती आहे. आमच्या शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना शनिवारी दुपारी थांबवून घेत. स्मरणचित्राचा सराव चाले, सर बाकांमधून मागे हात बांधून फिरत आणि दर पाच मिनिटांनी बजावत, "कागद भरा, पांढरं दिसता कामा नये." कोरी जागा म्हणजे आळस, आणि आळसाचे गुण कापले जातात. ही शिकवण चित्रकलेच्या तासापुरती नव्हतीच. परीक्षेहून आलेल्या मुलाला घरी पहिला प्रश्न पुरवण्या किती जोडल्या हा असे आणि पेपर कोरा ठेवून आल्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नसे. त्यामुळे माझे निसर्गचित्र कायम भरगच्च. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य, तिथूनच उगम पावलेली नदी, काठाला कौलारू घर, नारळाचे झाड, आकाशात मराठी चारच्या आकड्यांचे पक्षी, आणि एवढे करून जागा उरलीच तर गवताच्या काड्या. रंगाच्या पेटीतली हिरवी वडी सर्वांत आधी झिजून पत्र्याला लागे. मला परीक्षेत 'सी' श्रेणी मिळाली. तिचे दुःख नाही. पण आता आठवले की चमत्कारिक वाटते ते दुसरेच. मी दर मे महिन्यात आईच्या माहेरी, मुरबाडच्या बाजूला जात असे. तिथे मामाच्या ओटीवर बसले की समोर सह्याद्रीची भिंत उभी असे, सपाट माथ्याची, आडव्या रेघांची. सुट्टी संपवून लालबागच्या खोलीत परतले की मी पुन्हा त्रिकोण काढायला बसे.

सह्याद्रीत असे त्रिकोण फारसे सापडत नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांतले कठीण थर पुढे कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. म्हणून कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार आणि वर बहुधा पठार, अशी त्याची बांधणी असते. पावसाळ्यात हिरव्याखाली सगळे झाकले जाते. दिवाळी उलटली की गवत वाळते आणि मग उतारांचे पिवळे पट्टे आणि कातळाचे काळे पट्टे वेगळे दिसू लागतात. त्या चित्रात डोंगर अशाच दिवसांतला होता. चपट्या ब्रशचे आडवे फटकारे एकाखाली एक, मधे मधे पिवळा तसाच सोडलेला. कातळाचा काळा हा तयार काळा नव्हता, गडद निळ्यात तांबूस तपकिरी मिसळून केलेला होता, त्यामुळे कड्याच्या काठाशी कुठे निळा फुटत होता, कुठे विटकरी. त्या डोंगरामागची रांग एकाच पातळ, पाणीदार निळ्याने संपवलेली होती. दूरचे डोंगर निळे दिसतात याचे कारण मधल्या हवेत आहे; निळा प्रकाश हवेत जास्त विखुरला जातो आणि अंतर वाढेल तसा त्याचा पडदा दाट होत जातो. लांबच्या गोष्टी अधिक निळ्या रंगवाव्यात हे लिओनार्दोने आपल्या टिपणवह्यांत लिहून ठेवले आहे. आपल्याकडे 'दुरून डोंगर साजरे' हा टोमणा झाला. चित्रकार मात्र तो टोमणा जशाच्या तसा कामाला लावतात.

मुलगी पुढे गेल्यावर मी त्या चित्रकारांशी थोडे बोलले होते. पायवाटेसाठी पांढरा रंग का वापरला नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, की पांढरा पेटीत असतो, पण जलरंगात उजेड कागदातून येतो. रंग पातळ असला की त्याच्यातून आरपार जाऊन कागद परत उजळतो, आणि वरून पांढरा थापला की तो खडूसारखा मेलेला दिसतो. याचा अर्थ असा, की जिथे सर्वांत जास्त उजेड हवा ती जागा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पहिला हात, देण्याआधीच ठरवावी लागते आणि मग शेवटपर्यंत तिच्या कडेकडेने हात चालवावा लागतो. जागा झाकून ठेवण्यासाठी एक रबरासारखा द्रव मिळतो, तो लावायचा, बिनधास्त रंग फिरवायचा आणि वाळल्यावर बोटाने चोळून काढायचा; पण त्याने कडा कात्रीने कापल्यासारखी येते, म्हणून ते तो वापरत नाहीत. "चुकलं तर?" मी विचारले. "तर मग ती वाट त्या चित्रात नव्हतीच, असं समजायचं," ते म्हणाले, आणि कोणीतरी वहीत सही करायला आले म्हणून टेबलाकडे वळले.

तैलरंगात गणित उलटे असते. तिथे गडदापासून सुरुवात करून उजेड शेवटी वर ठेवता येतो. इंग्लंडच्या खेड्यांचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल पानांवरची, पाण्यावरची लकाकी दाखवायला पांढऱ्या रंगाचे ठिपके शेवटी टाकत असे, आणि त्याच्या टीकाकारांनी त्या ठिपक्यांना 'कॉन्स्टेबलचा बर्फ' असे नाव ठेवले होते. गवताची गाडी ओढ्यात उभी असलेले त्याचे प्रसिद्ध चित्र १८२१ सालचे. त्याच सुमारास तो लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर जाऊन नुसत्या ढगांचे अभ्यास करत होता आणि त्यांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा हे लिहून ठेवत होता. मला त्या चित्रांपेक्षा ही पाठची नोंद अधिक आवडते. दुसरा एक हट्टी माणूस म्हणजे फ्रेंच चित्रकार सेझान. आपल्या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर तो वर्षानुवर्षे रंगवत राहिला, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या जलरंगांत तर डोंगर निम्म्याहून अधिक कोऱ्या कागदाचा आहे. चार निळे डाग, दोन हिरवे, एखादी तुटक पेन्सिलची रेघ. १९०६ सालच्या ऑक्टोबरात तो बाहेर चित्र काढत असताना वादळात सापडला आणि काही दिवसांतच गेला. आमच्या सरांनी त्याला 'सी' तरी दिली असती की नाही, कोण जाणे.

आपल्याकडेही ही परंपरा लहान नाही. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून निघालेल्या पिढ्यांनी जलरंग असा काही आत्मसात केला, की तो साहेबाकडून आला हे विसरायला व्हावे. आबालाल रहिमान तिथे शिकले आणि कोल्हापूरला परत जाऊन कोटितीर्थाच्या परिसरात रमले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर मुंबईत आयुष्यभर जलरंग शिकवत आणि रंगवत राहिले. तरीही निसर्गचित्र म्हटले की आमच्या वर्तुळात नाक थोडे मुरडले जाई, आणि मुरडणाऱ्यांत मीही होते हे कबूल करायला हवे. सोफ्याच्या वर टांगायचे चित्र, पडद्यांना जुळणारे चित्र, असे आम्ही म्हणत असू. त्यात अगदीच खोटे होते असे आजही वाटत नाही. मुलुंडला माझ्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराची कड दिसायची. आता दोन टॉवरांच्या मधली एक उभी फट दिसते, पट्टीएवढी. त्या टॉवरांच्या लॉबीत डोंगरांची भली मोठी चित्रे लावलेली आहेत. डोंगर झाकायचा आणि डोंगराचे चित्र लावायचे, यावर हसावे की काय करावे ते मला कळत नाही, कारण ज्या मजल्यावरून मी हे पाहते तो आमचा मजलाही कोणाची तरी खिडकी बुजवूनच उभा राहिला असणार.

चित्र कुठले, हे मी विचारले होते. "वांगणीच्या पुढे," एवढेच उत्तर मिळाले.

वांगणीच्या पुढची ती बाजू मी तीन वर्षे रोज पाहिली आहे, म्हणजे पाहायला हवी होती. बँकेत असताना माझी बदली कर्जतला झाली होती. ठाण्याहून सकाळची गाडी, उलट्या दिशेची, त्यामुळे खिडकी हमखास मिळायची. बदलापूर सुटले की उजव्या हाताला चंदेरीचा सुळका वर येतो आणि तिथून नेरळपर्यंत डोंगरांची रांग गाडीबरोबर चालत राहते, शेवटी माथेरानच्या लांबलचक पठाराला जाऊन मिळते. हे मी आता सांगते आहे ते गेल्या महिन्यात मुद्दाम जाऊन पाहून आल्यावर. तेव्हा त्या खिडकीत बसून मी मटार सोलले आहेत, मेथी निवडली आहे, कर्जाच्या हप्त्यांची बेरीज केली आहे आणि बहुतेक वेळ झोपले आहे. डोंगर तिथे होता याची मला माहिती होती, एवढेच. महिन्याभरापूर्वीच्या त्या रविवारी मी शेलूपर्यंत खिडकीला नाक लावून बसले होते आणि चित्रातली जागा शोधत होते. ती सापडली नाही. तशी खाचरे, तशी झाडी, तसे पट्टे चार ठिकाणी दिसले, प्रत्येक ठिकाणी काहीतरी जास्तीचे होते: विजेचा खांब, प्लॉट विकणे असल्याची पाटी, निळ्या पत्र्याचे कुंपण. चित्रकाराने काय काय वगळले असेल याची यादी मनात होऊ लागली. समोरची बाई मोबाइलवर मालिका पाहत होती आणि मी एवढे काय पाहते आहे म्हणून तिने दोनदा बाहेर डोकावून पाहिले.

आईला मी फोनमधला फोटो दाखवला होता. चित्रकारांनी तो काढू दिला होता. आई ऐंशीच्या घरात आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला मोबाइल हातभर लांब धरावा लागतो. मला वाटले होते ती "छान आहे" म्हणून परत देईल. तिने बराच वेळ पाहिले.

"भात झोडून झालंय. पेंढासुद्धा नेलाय घरी," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि ही वाट देवाला जाते."

हे तिला कसे कळले ते मला कळेना. चित्रात देऊळ नव्हते, घुमटी नव्हती, शेंदूर लावलेला दगडही नव्हता. आईला माझ्या न कळण्याचे नवल वाटले. "अगं, ही झाडं बघ की. सगळा डोंगर उघडा आणि एवढीच झाडी गर्द. देवाची नसती तर कुणी ठेवली असती का? कधीच चुलीत गेली असती." मग तिने तिच्या माहेरच्या वाघोबाच्या राईविषयी सांगितले. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी आणत नसे, आणि एकदा तिच्या चुलत्याने मांडवासाठी तिथली फांदी तोडली तेव्हा आजीने ती त्याला अर्ध्या रात्री परत टाकून यायला लावले होते. राखलेलं रान, असाच शब्द तिने वापरला. मी तिला कलादालनातली गोष्ट सांगितलेली नव्हती. तो शब्द ऐकून मी चमकले, पण बोलले काही नाही. तिला तो तिच्या अर्थाने पुरेसा होता. "वाट मात्र फारच पांढरी काढलीय," ती फोन परत देत म्हणाली, "एवढी पांढरी वाट जत्रेनंतर होते. रोजच्या दोन-चार माणसांनी नाही होत."

म्हणजे त्या कोऱ्या कागदावरून किती माणसे चालून गेली असतील हेही तिने मोजले होते.

सोमवारी, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, मी पुन्हा गेले. चित्राखालच्या नावाच्या पट्टीवर लाल टिकली, म्हणजे चित्र विकले गेल्याची खूण, लागलेली होती. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी असल्यामुळे तसा प्रश्नच नव्हता, तरी टिकली पाहून कोणीतरी रांगेत घुसून पुढे गेल्यासारखे वाटले. दुपारची वेळ होती, दालनात फारसे कोणी नव्हते. मी चित्राच्या इतक्या जवळ गेले की काचेवर श्वासाची वाफ धरली. तेवढ्या जवळून पाहिले तर पायवाट पांढरी नव्हतीच. कागदाचा मूळ रंग दुधावरच्या सायीसारखा पिवळसर होता आणि त्याचा खरखरीत दाणा दिसत होता. दोन्ही कडांना जवळपास सुकलेला ब्रश ओढला होता, त्यामुळे रंग दाण्यांच्या टोकांवर बसला होता आणि खळग्यांत शिरला नव्हता. लांबून ज्याला मी वाटेकडेचे वाळके गवत समजले ते हेच. खाली पेन्सिलची एक फिकट रेघ होती आणि ती वाटेशी जुळत नव्हती. आधी वाट सरळ झाडीत नेण्याचा विचार असावा, ब्रश हातात घेतल्यावर ती वळली. वळणाच्या ठिकाणी निळ्याचा एक ओघळ पांढऱ्यात शिरला होता आणि फडक्याने टिपून घेतलेला होता. तिथे नखाएवढा फिकट डाग उरला होता. दोन पावले मागे आले, तर त्या डागाच्या जागी वाटेत खळगा पडलेला दिसला, पावसाचे पाणी वाहून पडतो तसा. पुन्हा पुढे गेले, डाग. मागे, खळगा. असे मी चार-पाच वेळा केले असेल. काचेत माझा चेहरा दिसत होता, पण फक्त झाडीच्या काळोख्या भागात. वाटेवर तो उमटत नव्हता. टेबलामागून चित्रकार माझ्याकडे पाहत होते. त्यांनी काही विचारले नाही आणि मीही, त्या मुलीचे बोट आणि माझे नाक यांतले कोणते चित्राच्या अधिक जवळ गेले, हे त्यांना विचारले नाही.

परतताना फोर्टातल्या एका दुकानातून मी एक जाड कागद घेतला आणि रंगाच्या सहा नळ्या. जवळपास पंचेचाळीस वर्षांनी. पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बसले. गाडीच्या खिडकीतून पाहिलेले आठवून काढायचे होते, म्हणजे स्मरणचित्रच. पेन्सिलीने पठाराची रेघ मारली, ती या वेळी आडवी मारली, आणि खालून वर एक वाट आखून घेतली. आकाश बरे झाले. डोंगराचे दोन पट्टेही जमले, तिसऱ्यात पाणी जास्त झाले पण वाळल्यावर तो धुक्यासारखा दिसला, म्हणून तो हेतूनेच तसा केला असे मी स्वतःला सांगितले. मग खाचरांचा वॉश घेतला आणि वाटेच्या डाव्या कडेने ब्रश अगदी जपून खाली आणला. ते अंतर एवढेसे होते, पण श्वास रोखून धरावा लागला. उजव्या कडेने येताना ब्रशच्या पोटात साठलेले पाणी एकदम सुटले. हिरवा रंग वाटेवर चढला, मी जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन टिपायला धावले तोवर कागदाने तो पिऊन टाकला होता. वाटेचा खालचा वीतभर भाग गेला. वर, डोंगराच्या पायाशी तेवढा एक पांढरा तुकडा उरला, कुठून न येणारा आणि कुठे न जाणारा.

आई समोर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मान वाकडी करून कागदाकडे पाहिले.

"गवत फार वाढवलंस," ती म्हणाली, आणि शेंगांचे ताट माझ्याकडे सरकवले.